काळुरामच्या तीनचाकीची साखळी

१२ जून १९८८, रविवार. बाळकुम.

…चुलीवर भात रटरटत होता, मी ओट्यावर कोळंबी सोलत होते, अंगणात जवळा वाळत घातलेला, त्यावर कावळे बसू नयेत म्हणून एका पायाने काठी हलवत होते, आणि हे गाडीमागे उकिडवे बसून पाना फिरवत होते. रोजचीच सकाळ. पाणी भरून झालं होतं, झाडून झालं होतं. शालू, म्हणजे माझी धाकटी जाऊ, नेहमीसारखी आमच्या गाडीच्या पेटीवर पाय हलवत बसली होती. हे खालून काहीतरी म्हणत होते, ती वरून खिदळत होती. मग ह्यांनी माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्याला हात पुसले, टोपल्या चढवल्या आणि बाजाराला गेले.

ही सकाळ मला पाठ आहे. शालूला वगळून आठवायचा प्रयत्न करते, पण ती बसलेलीच असते.

आजपासून वही लिहायची. वही माझी एकटीची. विषय एकच, गाडी. जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक काढून ह्यांनी तिथे दोन चाकं बसवली, वर लाकडी पेटी केली, खाली स्प्रिंगचे पाटे. इंजिनाजवळ एक छोटं दातेरी चाक, मागच्या आसावर एक मोठं, आणि दोघांना जोडणारी साखळी. अशा दोन गाड्या केल्या. एक आमची, एक धाकूभावजींची, म्हणजे शालूच्या नवऱ्याची. आमच्या पेटीवर ह्यांचं नाव रंगवलेलं आहे. मी ते तोंडाने घेत नाही. पेटीवर आहे तेवढं पुरे.

दोन वर्षांपूर्वी हे देवाघरी गेले, तेव्हापासून गाडी मीच चालवते. लोक बघायचे. आता बघत नाहीत. कोळणीचं लुगडं फटफटीला सोयीचं असतं, हे पुरुषांच्या उशिरा लक्षात आलं.

निश्चय: रोज सकाळी, हे करायचे तसं, पाना घेऊन साखळी ताणायची. अर्धा फेरा. एक दिवसही चुकायचं नाही. दोन वर्षं चुकलेलं नाहीच.

१४ जून, मंगळवार

गाडीला आवाज येतो. कट्, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा कट्. माजिवड्यापर्यंत.

धाकूभावजींच्या गाडीला आवाज नाही. दोन्ही गाड्या एकाच माणसाने केल्या, एकाच पावसाळ्याआधी. मग एकीला आवाज का आणि दुसरीला का नाही? हा अन्याय आहे. मत्सर म्हणता येणार नाही.

सकाळी त्यांच्या अंगणात पाहिलं. शालू त्यांच्या पेटीवर चढून बसली होती, टोपल्या भरायच्या आधीच. महाराणी. भावजी खाली वाकून काहीतरी करत होते. नवरा चिखलात आणि बायको सिंहासनावर. मला असलं कधी जमलं नाही. मी कामाची बाई.

पाना अर्धा फेरा फिरवला. आवाज होता म्हणून वर थोडा आणखी.

१९ जून, रविवार

ठाण्याच्या वाचनालयातून यंत्रांचं पुस्तक आणलं. शाळा माझी तिसरीपर्यंतच. पुढचं वाचन मासळी बांधायच्या रद्दीवर झालं. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टींची सुरुवात ठाऊक आहे. शेवट बहुधा कुणाच्या तरी पापलेटाबरोबर जातो.

पुस्तकात साखळीचं प्रकरण आहे. पहिल्याच पानावर: ‘साखळी ढिली राहिल्यास ती दातांवरून उतरते.’ हेच तर मी म्हणते. पेन्सिलीने खूण केली. पुढचं पान ‘परंतु’ने सुरू होतं. आपलं म्हणणं बरोबर निघाल्यावर परंतु कशाला वाचायचा. पुस्तक परत केलं.

शालू कुंपणावरून म्हणाली, वयनी, तुझी साखळी फार ताणलेली दिसते गो. मी म्हटलं, मी पुस्तक वाचून करते. ती आत गेली. तिला अक्षर येत नाही. मला वाईट वाटलं नाही.

२३ जून, गुरुवार

कापूरबावडीच्या सुधीर मेकॅनिककडे गेले. तो दातेरी चाकाला स्प्रॉकेट म्हणतो. मोठं तपासलं, साखळी तपासली, पुढचं छोटं कव्हरखाली असतं ते तपासायला निघाला, तेवढ्यात मी थांबवलं. छोटं ह्यांनी शेवटच्या पावसाळ्याआधी स्वतः बसवलं आहे. मी कंदील धरला होता. म्हणजे धरायला गेले होते, तोवर शालूने धरला होता.

सुधीर म्हणाला, मावशी, साखळी झिजली की दोन्ही चाकंसुद्धा बघायला लागतात, तिघांचा संसार एकत्र असतो. आणि साखळी एवढी कसता कशाला? मी विचारलं, तू परवा धाकूभावजींकडे चहा प्यायलास ना? तो म्हणाला, हो. मग मला सगळं समजलं.

नवी साखळी घालायची. चाकं आहेत तीच राहतील.

१ जुलै, शुक्रवार

नवी साखळी बसली. चकचकीत, पोळ्याच्या बैलासारखी दिसते. मुद्दाम गाडी त्यांच्या दारावरून दोनदा नेली. तिसऱ्यांदा शालू बाहेर आली आणि विचारलं, काही हरवलं काय गो.

आवाज बंद. सुधीरचं अर्धवट ज्ञान उघडं पडलं.

६ जुलै, बुधवार

कल्याणच्या बाजारात सुकट न्यायची होती. भावजीही निघणार होते. मी त्यांच्याआधी निघाले, आणि त्यांच्यापेक्षा एक गोण जास्त भरली. स्पर्धा नाही. गोण पडून होती.

कशेळीच्या पुलाचा चढ लागला आणि नव्या साखळीने कट् केलं. मग कट् कट्. मग साखळी उतरली. पाऊस असा की समोरचा कठडा दिसेना. मी उतरून ती पुन्हा दातांवर चढवत होते तोच मागून ते दोघं आले. शालू पेटीवर, डोक्यावर प्लास्टिक, हात हलवत. पुढे जातील असं वाटलं. पण गेले नाहीत, थांबले.

भावजींनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, खाडी बघतेय.

शालू म्हणाली, मग आम्ही पण बघतो.

आणि दोघं येऊन कठड्याला टेकून उभी राहिली. तिघंही त्या कोसळत्या पावसात खाडी बघत होतो, जी कुणालाच दिसत नव्हती. बऱ्याच वेळाने भावजी म्हणाले, वयनी, बघून झाली असेल तर मी साखळी चढवू का.

मी होकार दिला. माझे हात तेलकट झाले होते, एवढंच कारण.

चढवताना ते म्हणाले, ही फार कडक आहे, जरा सैल करू? मी म्हटलं, हात लावू नका. ह्यांची पद्धत मला ठाऊक आहे.

१० जुलै, रविवार

साखळीला तेल हवं, हे माझं स्वतःचं संशोधन. बाजारातलं तेल कशाला? घरी डब्यात मुशी माशाच्या काळजाचं तेल आहे, होडीला लावतो ते. त्याने लाकूड खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, मग लोखंडाचं काय. भरपूर चोपडलं. शालूला हे सुचलेलं नाही.

१२ जुलै, मंगळवार

मांजरं.

१३ जुलै, बुधवार

काल लिहायला झालं नाही. गाडी ठाण्याच्या बाजारात उभी केली तर सगळ्या बाजारातली मांजरं मासळी सोडून गाडीमागे बसली. एक बोका साखळी चाटत होता. गिऱ्हाईक हसायला थांबलं, हसून दुसरीकडे गेलं. पलीकडच्या आवडाबाई, आमच्याच आळीतल्या, म्हणाल्या, भागीरथी, तुझ्या गाडीला डोहाळे लागले काय.

शिवाय तेलाला रस्त्यातली सगळी वाळू आणि चिखल चिकटला आहे. साखळी काळ्या जाड दोरीसारखी दिसते. पुसून काढायला गेले तर करकर वाजते, दाताखाली खडा आल्यासारखी.

शालू अजिबात हसली नाही. घासलेट आणि चिंध्या घेऊन आली. मला ते जास्त लागलं. हसली असती तर भांडता आलं असतं.

निश्चय: माशाचं तेल बंद. साखळी ताणणं चालू.

२१ जुलै, गुरुवार

हे गेले तो आषाढ. आज काही केलं नाही. भात आणि बोंबलाचं कालवण ठेवलं ह्यांच्या नावाने. कावळा लगेच शिवला. ह्यांना जेवायला कधी बोलवावं लागलंच नाही.

काविळीने माणूस कसा पिवळा होतो आणि तरी हसतो, हे मी बघितलं आहे. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात सगळे भेटून गेले. शालू गेली तेव्हा हे हसले. मी दिवसभर तिथे बसलेली असायचे. मला म्हणायचे, जा, भात खाऊन ये.

मत्सर नाही, नोंद आहे.

गाडी नेली नाही. पण पाना फिरवला.

३१ जुलै, रविवार

देवळाच्या ओट्यावर बैठक झाली. नारळी पौर्णिमेचा सोन्याचा नारळ, म्हणजे सोनेरी कागदातला, देवळातून बंदरावर न्यायचा. पूर्वी खांद्यावरून जायचा. ह्यांनी गाडी केल्यापासून ह्यांच्या गाडीतून जायचा. ज्या वर्षी हे गेले त्या वर्षी आमचं सुतक होतं आणि मनही नव्हतं, आणि गेल्या वर्षी तो भावजींच्या गाडीतून गेला. शालू नारळ मांडीवर घेऊन बसली होती. मी मागून चालत होते. ते चालणं मला अजून पायांत आहे.

मी सांगितलं, यंदा नारळ ह्यांच्या गाडीतून.

आवडाबाई म्हणाल्या, विधवा बाई पुढे बसून नारळ नेणार?

मी म्हटलं, विधवा मी आहे, गाडी नाही.

पुरुष खाली बघायला लागले. गावचे म्हातारे गोमाजी, ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी विडी विझवली आणि निकाल दिला. गाडी काळुरामची, भागीरथीने चालवावी. नारळ धरायला घरचीच सवाष्ण बसेल. आणि एक अट. देवळापासून बंदरापर्यंत गाडी मध्ये बंद पडता कामा नये. नारळ वाटेत अडला तर दुसऱ्या दिवशी कुणी होडी पाण्यात घालणार नाही. तुझी गाडी हल्ली अडते असं ऐकतो.

मी म्हटलं, अफवा.

घरी आल्यावर लक्षात आलं. आमच्या घरची सवाष्ण म्हणजे शालू.

म्हणजे ह्यांच्या गाडीतून नारळ नेण्यासाठी मला शालूलाच पेटीवर बसवायला लागणार. दोन वर्षं त्या पेटीवर मी तिला बसू दिलेलं नाही.

४ ऑगस्ट, गुरुवार

दुसरी सवाष्ण शोधली. माझी चुलत बहीण खडवलीला असते, तिला निरोप पाठवला. तिने कळवलं, तिचं आताच बाळंतपण झालं. बायकांना वेळेचं भान नसतं.

७ ऑगस्ट, रविवार

मागचं मोठं चाक उलटं करून घेतलं. एका बाजूने दात झिजले की चाक फिरवून बसवायचं, दुसरी बाजू कोरी मिळते. हे करायचे असं. सुधीरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे चांगलं केलंत मावशी. मी पुढचं ऐकलं नाही. चांगलं झालं की पुढचं नेहमी बिघडवणारं असतं.

आवाज कमी. विजय.

१५ ऑगस्ट, सोमवार

झेंडावंदनाला लाडू वाटायची टोपली गाडीतून नेली. रिकाम्या गाडीला काहीही आवाज नाही. भरलेल्या गाडीलाच आहे. म्हणजे दोष मासळीत असू शकतो.

२० ऑगस्ट, शनिवार

सण आठ दिवसांवर, म्हणून शेवटी सुधीरला पुढचं कव्हर उघडू दिलं. ह्यांनी बसवलेलं ते छोटं चाक दोन वर्षांनी बघितलं. दात बारीक झालेले, सगळे एकाच दिशेला वाकलेले, मांजराच्या नख्यांसारखे. सुधीर म्हणाला, हे गेलंय मावशी. नव्या साखळीलाही हेच खातंय. विठ्ठलवाडीला स्टेशनाबाहेर मिळेल, मी आणून घालतो.

मी म्हटलं, ह्यांचेही दात पुढे थोडे वाकडे होते. आम्ही ते बदलले नाहीत.

 मग त्याने साखळीखाली बोट घालायला बघितलं, बोट गेलं नाही. म्हणाला, हिच्यावर सतार वाजेल. ही सैल पाहिजे. मी म्हटलं, कव्हर लाव.

बदलणार नाही. ह्यांच्या हाताचं तेवढंच उरलं आहे त्या गाडीत. पेटीची फळी बदलली, टायर बदलले, हँडलची मूठ बदलली. पुढचं छोटं चाक राहू दे.

संध्याकाळी शालू आली. म्हणाली, सुधीर बोलला मला. मी म्हटलं, बघ, बोललाच. ती काही सांगायला लागली, दादा सकाळी काय करायचे माहितेय का वयनी. मी म्हटलं, मला सांगू नकोस ते काय करायचे. मी त्यांची बायको होते.

ती गेली. दारात चप्पल अडकली तिची. मी हाक मारली नाही.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

गाडी धुतली. पेटीला झेंडूच्या माळा. ह्यांच्या नावावर नव्याने रंग, हिरवा. आंब्याचे टाळे. नारळासाठी पाट. हँडलला लिंबू.

उद्या सण म्हणून आज पाना पूर्ण एक फेरा फिरवला. साखळी टण्ण. बोटाने वाजवून पाहिली. असा आवाज ह्यांच्या वेळीही येत नसे. मी त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे गेले असं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

२७ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा. सकाळी.

आकाश उघडं. मन शांत. गाडी रिकामी फिरवून पाहिली, चिटपाखराएवढाही आवाज नाही. लोक जे बोलत होते ते आज बघतील. शालू हिरवं लुगडं नेसली आहे, केसांत अबोली. मीच तिला म्हटलं, बस नीट. मोठ्या मनाने.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहायला नको वाटतं. पण वही गाडीसाठी आहे.

देवळापासून निघालो. पुढे बेंजो, मागे आळी. शालू पेटीवर, मांडीवर नारळ. तिच्या बाजूला, उत्साहात, गोमाजी चढले. मग पेटीच्या कडेवर बेंजोवाल्यांपैकी दोघं. पेटी खाली दबली. साखळी कण्हल्यासारखी वाजली. मला वाटलं गर्दी कण्हतेय.

सपाटीवर ठीक चाललं. पारावरून बायकांनी ओवाळलं. मी समोर बघत होते, पण ह्यांचं नाव माझ्या पाठीमागे हिरव्या रंगात चाललंय हे मला दिसत होतं.

मग बंदराआधीचा खाडीचा बांध. चढ लहान आहे, पोरं सायकलवरून उतरतही नाहीत. मी रेस वाढवली. आधी एक कट्. मग बऱ्याच सुऱ्या एकदम दगडावर घासल्यासारखा लांब आवाज. आणि मग काहीच नाही. इंजिन जोरजोरात ओरडत होतं आणि गाडी जागेवर. मी आणखी रेस दिली. इंजिन आणखी ओरडलं. गाडी हळूहळू मागे यायला लागली.

बेंजो थांबला.  आवडाबाई म्हणाल्या, अडला गो बाय नारळ.

मला वाटलं जमिनीने मला घ्यावं, पण गाडी ठेवावी.

गोमाजी उतरले. म्हणाले, धाकूची गाडी आणा, नारळ तिच्यात घ्या. भावजींची गाडी मागेच होती, पुऱ्यांची आणि नारळीभाताची पातेली घेऊन. लोक नारळ उचलायला पुढे आले.

शालू उठली नाही. दोन्ही हातांनी नारळ धरून बसली आणि म्हणाली:

“नारळ दादांच्याच गाडीतून जाणार. दोर आणा.”

नवऱ्यालाही असं बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं.

होडीचा दोर आला. भावजींची गाडी पुढे, आमची मागे बांधलेली. मी हँडल धरून बसले होते, जणू मीच चालवतेय. बेंजो पुन्हा सुरू झाला, पण वेगळ्याच गाण्यावर, कारण मधलं ते विसरले. बांध चढलो. बंदरावर पोचलो. नारळ खाडीत गेला.

गोमाजींनी विचार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, नारळ अडला नाही, त्याने दम घेतला. उद्या होड्या जातील.

शालू उतरली असती तर ओढायला सोपं गेलं असतं, हेही लिहून ठेवते. पण ती उतरली नाही, हे आधी लिहिते.

२८ ऑगस्ट, रविवार

होड्या गेल्या.

सुधीर आमच्या अंगणात आला. कव्हर उघडलं. ह्यांचं छोटं चाक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. एकही दात नाही. बांगडीसारखं गुळगुळीत. साखळी तुटली नव्हती, ती नुसती त्यावरून घसरत होती. विठ्ठलवाडीहून नवं चाक त्याने कालच आणून ठेवलं होतं. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, धाकूशेठच्या बायकोने, परवाच.

मग त्याने विचारलं, रागाने नाही, की मावशी, एवढी ताणायला तुम्हाला सांगितलं कुणी?

मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे. हे रोज सकाळी पाना फिरवायचे. मी दारातून बघितलं आहे. तेच मी करते.

शालू चहाचे कप घेऊन उभी होती. आधी तिला हसू आलं. मग माझ्याकडे बघून ते गेलं. कप ओट्यावर ठेवून म्हणाली:

“वयनी, दादा ताणत नव्हते गो. सैल करायचे.”

 तिने सांगितलं ते असं. रिकाम्या गाडीची साखळी बरोबर दिसते. भर चढला की स्प्रिंगचे पाटे दबतात, आस मागे सरकतो आणि साखळी कडक होते. म्हणून हे आधी पेटीवर वजन ठेवायचे, साखळीखाली बोट घालायचे, आणि बोट हललं नाही तर पाना फिरवून सैल करायचे. धाकूभावजींनाही त्यांनीच शिकवलं.

“वजन म्हणून मला बसवायचे,” ती म्हणाली. “आख्ख्या आळीत माझ्याएवढं वजन कुणाचं हाय?”

सुधीर उगाच पाना पुसत बसला.

मी विचारलं. कितीतरी वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. मी ओट्यावरच असायचे. मला का नाही बसवलं?

शालूने पदराला हात पुसले.

“मी पण एकदा विचारलं व्हतं. दादा बोलले, तिला बसवली तर गाडीला कळणार पण नाय. सुकटीची पाटी हाय ती. तिला राहू दे चुलीजवळ, गारठ्यात खोकते.”

“आणि तू हसायचीस ते?”

“त्यालाच गो. रोज नवीन काय तरी बोलायचे. आज पाटी जड झाली काय बघ. वारा सुटलाय, वयनीला दोरीला बांध. असंच.”

म्हणजे रोज सकाळी मी कोळंबी सोलत होते, आणि पंधरा पावलांवर ते दोघं माझ्याबद्दल बोलत होते.

चहा निवला होता. आम्ही तोच प्यायलो.

मागची पानं वाचली. मत्सर नाही असं मी बऱ्याच ठिकाणी लिहिलं आहे. आजपासून ते खरं होईल असं दिसतं, आणि त्यामुळे घरात एक जागा रिकामी झाल्यासारखी वाटते. तिथे काय ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही.

जुनं चाक सुधीर भंगारात टाकणार होता. मी घेतलं. जवळ्यावर कापड पसरलं की वाऱ्याने उडतं, त्यावर ठेवायला बरं.

२९ ऑगस्ट, सोमवार

पाणी भरलं, झाडलं, कोळंबी सोलली. मग शालूला हाक मारली. ती येऊन पेटीवर बसली. मी साखळीखाली बोट घातलं आणि पाना उलटा फिरवला.